गातोय तोवर

"लोइका गातोय तोवर गवताला हात लावायचा नाही!" नोएमीनं हे पापाकडून वदवूनच घेतलं होतं. लाल छातीच्या त्या पक्ष्यानं पाम्पाच्या गवताळ प्रदेशातल्या बहुतेक माळांवरून बिऱ्हाड हलवलेलं. इथे तो नुसताच येऊन गातो की घरटंही करतो, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. "मग गायींना काय त्याचं गाणं चारू?" पापा कुरकुरला, पण थांबला. रोज सकाळी माटे चहाचा कडू घोट घेत कुंपणाकडे कान लावायचा आणि म्हणायचा, "गातोय मेला अजून!"

मग एका सोमवारी कुरण गप्प झालं. मंगळवारीही गप्पच. "गेला वाटतं," नोएमी हिरमुसून म्हणाली. "काप आता, पापा." दुपारपर्यंत पापानं सगळं कुरण कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या लुडमिला बाई दुर्बीण घेऊन आल्या. पक्ष्यांचा नकाशा त्याच करत होत्या. आणि कुंपणाच्या खांबावर चक्क लोइका! चोचीत अळी, पण गिळत नव्हता.

"घरटं आहे!" बाई ओरडल्याच. "नोएमी, आपल्या भागातलं पहिलं घरटं!"

लोइका खाली उतरला, कापलेल्या गवतात इकडेतिकडे फिरला आणि तीच अळी घेऊन पुन्हा खांबावर येऊन बसला. बाईंनी दुर्बीण खाली घेतली.

"पण बाई, तो गायचा थांबला होता," नोएमी कशीबशी म्हणाली.

"पिल्लं झाली की गप्पच होतो गं तो. तोंड मोकळं कुठे असतं?"