ध्रुपदाची साथ

डोंगरातल्या रानात धुकं इतकं दाट उतरलं, की मागचं माणूस दिसेना. तेव्हा बाबांनी ठरवलं, आपण देवाचं गाणं म्हणत पुढे चालायचं आणि आई नि लेकीनं मागून ध्रुपद धरायचं. साथ येतेय तोवर कुणी वाट चुकलेलं नाही.

"तुमचा सूर ऐकून अस्वलंसुद्धा रान सोडतील," आई म्हणाली.

"सोडू देत की. देवाचं नाव त्यांच्याही कानावर पडेल."

पायवाट अरुंद, पाठीवरची सॅक जड. वळून बघायची सोय नव्हती. बाबा गात राहिले, मागून साथ येत राहिली. ध्रुपदाच्या शेवटी लेकीचा सूर नेहमी घसरायचा. आज तिनं तो अगदी जागेवर धरला.

"शाब्बास गं छकुले," बाबा मनापासून म्हणाले.

चढ संपला आणि धुकं विरलं. खाली, दरीपलीकडच्या वळणावर, दोघी एका खडकावर उभ्या होत्या. आई टोपी हलवत ओरडत होती, "अहो, किती हाका मारायच्या? थांबा तिथंच."

बाबांची ओळ तोंडातच राहिली.

मागची पावलंही थांबली. मग सॅकला हलकासा हात लागला.

"गा ना, बाबा," लेकीचा आवाज म्हणाला.