शववाहिनीचे टायर

"शववाहिनीच्या टायरला पॉलिश कशाला लावता, मामा? कोण बघतंय?" संस्थेच्या नव्या व्यवस्थापक मोघेबाईंनी बाटली उचलून घेतली.

चालक भिकाजीमामा उकिडवे बसून टायर पुसत राहिले. "फक्त बाजूला लावतो, बाई. रस्त्याला टेकतो त्या भागाला नाही, गाडी घसरेल."

"पण मुळात लावायचंच कशाला?"

"मागून चालणारी माणसं मान वर करत नाहीत. स्मशानापर्यंत त्यांना टायरच दिसतात. ते तरी चिखलाने बरबटलेले नसावेत."

मोघेबाईंनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या अंत्ययात्रेत त्याही अशाच गाडीमागून चालल्या होत्या. सोबत कोण कोण होतं, काही आठवत नव्हतं. समोर हळूहळू फिरणारं काळंभोर चाक तेवढं आठवत होतं.

त्यांनी बाटली मामांसमोर ठेवली. "मामा, मागचा एक राहिलाय."