मायर आणि पुत्र

"हात लावू नका!" उदयसिंह ओरडले, तसा भगवानशेटांनी पुढे केलेला हात चहाच्या कपाकडे वळवला.

टेबलावर जर्मनीहून आलेलं पाकीट होतं. उदयसिंहांनी पांढरे सुती हातमोजे चढवले, आतली गोल पारदर्शक डबी काढली आणि खिडकीशी धरली. दोन युरोचं कोरं नाणं. कुठल्याशा जुन्या पुलाच्या स्मरणार्थ यंदाच काढलेलं.

"ह्याचं काय येतं साहेब?"

"काही येत नाही. हे बाजारात न्यायचं नसतं, जपायचं असतं."

"मंग आमच्या कामाचं नाय."

उदयसिंहांना हेच उत्तर हवं होतं. उलव्याची जमीन विमानतळात गेली, पैसा आला आणि हा गृहस्थ खांदा कॉलनीत येऊन थेट त्यांच्या डोक्यावरचा फ्लॅट घेऊन बसला. गाढवाला गुळाची चव काय! तरी प्रत्येक नव्या नाण्याला ते त्याला मुद्दाम खाली बोलावत. ज्याला काही कळत नाही त्याला दाखवण्यात एक निराळाच आनंद असतो.

"पन साहेब, परदेशी हाय म्हून इमानदार, असं नाय हां," भगवानशेट चहाचा घोट घेत म्हणाले. "एखाद्या टायमाला डबीत खडा धाडंल."

"मायर? अहो, तो काय आपल्यातला आहे का?"

'मायर आणि पुत्र' असं त्या दुकानाचं नाव होतं. नवं नाणं निघालं की यांना आधी मेल यायचा. भाव छापील, वर फक्त टपालखर्च. उदयसिंहांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तर पार्सल नेमकं ते घरी परतल्यावर येऊन पोचलं. याला म्हणतात शिस्त. दुकानाचा पत्ता सुनंदाबाईंनी भिशीतून ऐकून आणला होता, पण ती निव्वळ बोलाफुलाची गाठ. बायकोच्या अकलेला श्रेय देण्याइतके उदयसिंह उदार नव्हते.

सुनंदाबाई तेवढ्यात रिकामं पाकीट उचलून तळव्याने सपाट करू लागल्या. ही बाई एक कागद टाकायची नाही. कपाटात अशा पाकिटांचा गठ्ठाच साठला होता.

"रद्दीवाल्याच्या घरात दिली असती तर सुखी झाली असती," उदयसिंह म्हणाले. भगवानशेट हसले नाहीत. कप ठेवून ते वर गेले.

मग सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, सत्यजीत दिवाळीला येतो म्हणतोय. येऊ दे का?"

"कशाला?"

"सहा वर्षं झाली. पोराचं तोंड बघावंसं वाटतं हो मला."

इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून सत्यजीत बश्या विसळायला परदेशात गेला होता. कुठल्या देशात, हे उदयसिंहांनी कधी विचारलंही नाही. तो निघाला त्या दिवशी मात्र त्यांनी त्याला दारात थांबवलं होतं आणि कपाटातून एक पावली आणून त्याच्या अंगावर भिरकावली होती. गेंड्याच्या चित्राची पावली. सत्यजीत पाळण्यात असताना हौसा आजीने ती यांच्या संग्रहातून न विचारता घेतली, मधोमध भोक पाडलं आणि नातवाच्या करगोट्यात ओवली. दृष्ट लागू नये म्हणून! चांगल्या नाण्याचं मातेरं केलं म्हणून उदयसिंह आईवर वर्षभर धुमसत होते.

"ही घेऊन जा," ते पोराला म्हणाले होते. "बाजारात चालत नाही, संग्रहात चालत नाही. तुझ्यासारखीच."

सत्यजीतने वाकून ती उचलली होती आणि तो जिना उतरून गेला होता.

"मायर येत असेल तर हार घेऊन विमानतळावर जाईन," उदयसिंह आता म्हणाले. "हा नको."

सुनंदाबाईंना रडू फुटलं. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. उदयसिंहांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात मोनॅकोचं नवं नाणं निघालं. एवढासा देश, नाणी काढतो मोजकीच, आणि ती बघता बघता संपतात. पनवेलात ते कुणाकडे नव्हतं, म्हणून उदयसिंहांना हवंच होतं. त्यांनी मायरला मेल लिहिला, आणि तंद्रीत नेहमीपेक्षा जास्तच लिहून गेले. 'तुम्ही भाग्यवान. तुमच्या दुकानाच्या पाटीवर मुलाचं नाव लावण्याची तुम्हाला लाज वाटत नाही. मलाही एक मुलगा आहे. भोक पडलेलं नाणं. दिवाळीला घरी यायचं म्हणतो, मी नाही म्हटलं. तुम्ही मात्र कधीही या, हे घर तुमचंच समजा.'

पाठवून झाल्यावर त्यांना फार मोकळं वाटलं. मनातलं बोलावं असा एक तरी माणूस जगात होता.

एरवी तासाभरात येणारं उत्तर या वेळी चार दिवसांनी आलं. एकच ओळ होती. 'तुमचं नाणं पाठवलं आहे.'

पार्सल आलं तेव्हा उदयसिंहांनी भगवानशेटांना हाक मारली. मोनॅको म्हणजे काय हे त्यांना कळणार नव्हतं, पण तोंड उघडं राहिलं असतं तरी पुरे होतं. सुनंदाबाईही येऊन उभ्या राहिल्या. दिवाळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नव्हता. त्यांची नजर पाकिटावरच्या अक्षरावर होती.

"सावकाश फाडा हो," त्या म्हणाल्या.

"तुझी रद्दी खराब होणार नाही," उदयसिंह म्हणाले आणि हातमोजे चढवले. पॅकिंग नेहमीसारखं चोख. कापूस, त्यात काळ्या मखमलीची छोटी थैली, थैलीत डबी.

"बघा हां साहेब," भगवानशेट म्हणाले, "खडा नाय ना?"

उदयसिंहांनी त्यांच्याकडे बघायचीही तसदी घेतली नाही. त्यांनी थैलीची दोरी सोडली, डबी दोन बोटांत अलगद धरली आणि खिडकीच्या उजेडात नेली. आत एक गेंडा होता, आणि त्याच्या पोटातून पलीकडचा उजेड आरपार दिसत होता.