न तापवलेली गाडी

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण ऐकता ऐकता आपलीच मान खाली जाईल अशी आहे.

धाकटा भाऊ भल्या सकाळी मोटारसायकल सुरू न करताच, हाताने ढकलत अंगणाबाहेर नेत होता. स्टँड काढताना त्याने श्वास रोखला. फाटकाची कडी तर रुमालात धरून उघडली.

गाडी बिघडलेली नव्हती. जुनी होती एवढंच. थंडीत चोक ओढून तिला थोडा वेळ तापवावं लागे, आणि ती तापू लागली की तिची धडधड भिंतीपलीकडच्या खोलीत जाई. तो आवाज ऐकला की दादा डबा घेऊन बाहेर यायचा, धाकट्याच्या खांद्यावर हात टेकायचा आणि मागे बसायचा. बोलावणं नको की विचारणं नको. आज धाकट्याला नेमकं तेच नको होतं.

दादा गाद्या भरायचा. त्याचं दुकान धाकट्याच्या कचेरीच्या वाटेवर. माणूस देवमाणूस, पण अंगाचा कापूस काही सुटायचा नाही. खांद्यावर हात ठेवला की इस्त्रीच्या शर्टावर पांढरे पुंजके उमटलेच. "काय हो, आजही ढगातून उतरलात वाटतं?" हेडक्लार्क सगळ्यांदेखत विचारायचा. धाकटाही सगळ्यांबरोबर हसायचा आणि आतल्या आत जळायचा. आज मोठे साहेब येणार होते. त्याच्या बढतीचं बोलणं होतं.

"देवा, आजच्या दिवस दादाला गाढ झोप लागू दे," तो मनात म्हणाला. आता असलं मागणं देवाने ऐकावं तरी कसं?

गल्लीच्या तोंडाशी चढ होता. गाडी म्हणजे नुसतं लोखंड. धाकट्याला घाम फुटला, बूट घसरू लागले, गाडी उलटी मागे यायला बघू लागली. आणि एकाएकी ती हलकी झाली. फुलासारखी. धाकट्याला वाटलं, देव पावला. त्याने मागे वळून पाहिलं.

दादा होता. दोन्ही हात सीटमागच्या कड्यावर, मान खाली, पायांत चपलासुद्धा नाहीत.

"पुढे बघ," दादा धापा टाकत म्हणाला. "खिडकीतून दिसलास म्हणून बरं. हाक मारायला काय झालं होतं रे छोट्या?"

"दादा, तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघतो. तू हँडल सांभाळ."

गाडी मुळात दादाचीच. गुडघा कामातून गेला, किक मारवेना, तेव्हा स्वतः धुऊन-पुसून तिची चावी त्याने धाकट्याच्या हातात ठेवली होती. चढ संपला तसा तो गुडघा धरून कठड्यावर टेकला.

"काय झालं काय हिला?"

"कोण जाणे. किक मारून मारून दमलो," धाकटा म्हणाला. जीभ कशी वळली, त्याची त्यालाच ठाऊक.

"प्लगचं असेल. थांब, बघू." दादा कसाबसा उठला, वाकला, इंजिनावर तळवा ठेवला. मग टाकीखाली बोटं नेली आणि तिथेच थांबला. पेट्रोलचा नॉब बंद होता. रात्री बंद केलेला, तसाच. किक मारणाऱ्याने आधी तो उघडला असता.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी धाकट्याला वाटलं, सगळं जग दाराखिडक्यांत उभं राहून बघतंय.

दादाने नॉब फिरवला. चोक ओढला. "मार आता."

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

दादाने शिव्या घालाव्यात, एक कानाखाली द्यावी, असं धाकट्याला फार वाटत होतं. दादा मात्र नुसता इंजिन ऐकत उभा राहिला, घरातल्या आजारी माणसाचा श्वास ऐकावा तसा. आवाज एकसारखा झाल्यावर त्याने चोक हलकेच आत लोटला.

"बस, दादा," धाकटा खाली बघत म्हणाला. "घरी जाऊ, चपला घाल, मग दुकानात सोडतो."

"नको. साहेब यायचेत ना तुझे? नीघ तू. सावकाश जा."

सवयीने त्याचा हात धाकट्याच्या खांद्याकडे गेला. अर्ध्यातच थांबला आणि माघारी आला. मग तो लंगडत, खडे चुकवत उतारावरून निघाला. जाता जाता वळला. रागाने नव्हे. एखादं काम समजावून सांगावं तसं म्हणाला,

"उद्यापासून अंगणातच तापवत जा हिला. मी त्याच्या आधीच निघून गेलेला असेन."

बढतीचं काय झालं, ते मला विचारू नका. एवढंच करा. कधी चढावर कुणाची बंद गाडी दिसली आणि मागून हात लावायची बुद्धी झाली, तर त्या अनवाणी थोरल्याची आठवण ठेवा.