डावीकडचा पेला

नुकतीच पास होऊन शर्वाणीच्या हाताखाली शिकायला आलेल्या फिजिओथेरपिस्टनं पाण्याचा पेला पेशंट आजोबांच्या उजव्या हातापाशी ठेवला. शर्वाणीनं तो उचलून डावीकडे, लुळ्या हाताजवळ सरकवला.

"तहान लागली की तोच हात हलेल. आयतं दिलंस तर कायमचा झोपेल."

"पण मॅडम, मघापासून पाणी मागतायत ते."

"मागू देत."

हेच तिनं घरी आईलाही सुनावलं होतं. अर्धांगवायूनंतर बाबा तिचेच पेशंट झाले होते. "मास्तरीणबाई, घोटभर पाजा की!" ते हसून म्हणायचे. ती पाजत नसे. गेल्या महिन्यात ते गेले. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. पण पेला डावीकडे तसाच भरलेला होता आणि त्या बाजूची चादर पार चुरगळली होती.

"मग वहीत काय लिहू, मॅडम?" शिकाऊ मुलीनं विचारलं.

"पेला डावीकडेच ठेवायचा," शर्वाणी म्हणाली. नियमात काही चूक नव्हती. मग तिनं आजोबांना टेकवून बसवलं आणि पेला त्यांच्या ओठांना लावला.

आजोबांनी सगळं पाणी संपवलं. रिकामा पेला तिला कितीतरी वेळ खाली ठेववेना.