बाटलीत नसलेला खडा

"पित्ताची पिशवी काढली तरी एखादा खडा नळीत राहून जातो कधीकधी," सासूबाईंना घरी सोडताना नर्स म्हणाली होती. "डोळे पिवळे दिसले तर वाट बघत बसू नका." सुनेच्या एका खांद्यावर बाळ रडत होतं, दुसऱ्यावर सासूबाईंची बॅग होती. ती हो हो म्हणाली. सगळ्यांना असंच सांगत असतील, असं तिला वाटलं. शिवाय काढलेले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून हातात दिले होते. पुरावा हातात असताना शंका कशाला?

ती बाटली आता सासूबाईंच्या उशाशी असायची. येईल त्याला त्या ती दाखवायच्या. बाळ रडलं की त्याच्या कानाशी वाजवायच्या. "ऐक रे, आजीची जन्मभराची कमाई."

पण हल्ली सुनेला काहीतरी खटकत होतं. सासूबाईंच्या खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले. मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा त्यांनी कपाटातून शोधून काढला होता. उजेड खुपतो म्हणे. संडासातून बाहेर येण्याआधी बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग आणखी एका बादलीचा. जेवायला हाक मारली की आत्ताच खाल्लं म्हणायच्या, आणि झाकलेलं ताट तसंच असायचं. बोलता बोलता दंड खाजवायच्या. एकदा तिने विचारलंच, तर म्हणाल्या, सोमवारपासून ऑफिसात जाशील ना, तिथल्या लोकांच्या चौकशा कर.

सोमवारी तिची रजा संपत होती. बाळ दिवसभर आजीजवळ राहणार असं ठरलं होतं, आणि तिची नोकरी त्या ठरण्यावरच टिकून होती. म्हणून ती खोलीच्या दारापर्यंत जायची, "बरं आहे ना आई?" विचारायची आणि परत फिरायची. पडदा न सरकवणं तिलाही सोयीचं होतं.

आज भर दुपारी ती बाळाला घेऊन आली तर सासूबाई दोन चादरी पांघरून बसलेल्या. दात वाजत होते.

"वारा सुटलाय जरा," त्या म्हणाल्या.

पंखा बंद होता. खिडकीही.

सुनेने बाळाला त्यांच्या मांडीला अगदी चिकटवून ठेवलं, म्हणजे त्यांना चटकन उठता येऊ नये. मग खिडकीपाशी गेली आणि पडदा सरकवला. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण बाळाने हात घालून चष्मा ओढलाच.

जुन्या वर्तमानपत्राच्या कागदासारखे पिवळे डोळे होते.

बाळ जन्मलं तेव्हा याच खिडकीत उभं राहून त्यांनी तिला शिकवलं होतं. कावीळ दिव्याखाली कळत नाही, दिवसाच्या उजेडात बघायची. कपाळावर बोट दाबायचं, उचललं की खालची कातडी कशी दिसते ते बघायचं. सुनेने त्यांच्या कपाळाकडे बोट नेलं. टेकवायची गरज पडली नाही.

"तुम्हाला कळलं होतं, आई."

"मला नाही तर कुणाला कळणार? म्हटलं, सोमवार होऊ दे. तू एकदा कामाला लागलीस की बघू." मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि पुन्हा पोट फाडून घ्यायची हौस नाही मला."

तिने तिथेच उभं राहून हॉस्पिटलला फोन लावला आणि सासूबाईंनाही ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, खडा नळीत अडकलेला दिसतोय. पोटाला हातही लावायचा नाही. तोंडातून दुर्बीण आत घालायची, नळीचं तोंड थोडं मोकळं करायचं आणि खडा ओढून काढायचा. पण थंडी वाजतेय म्हणजे आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. उद्यावर टाकू नका, आत्ता निघा.

"तोंडातून," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तेवढा वेळ मला बोलता येणार नाही. चंगळ आहे तुझी."

सुनेला हसू आलं नाही. ती त्यांच्या पायांत चपला घालत होती.

"आणि सोमवार?"

"सोमवार दर आठवड्याला येतो, आई."

दारात पोचल्यावर त्या थांबल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या, पण हात खोलीकडे दाखवला.

"ती बाटली घे बरोबर. राहिलाय त्याला त्याच्या भावंडांत टाकू."

तुमच्याही घरात कुणी हल्ली पडदे ओढून बसत असेल, तर दारातूनच "बरं आहे ना" विचारून परत फिरू नका. आत जा. पडदा सरकवा.