एका घरात दोन राउटर

वरच्या खोलीत टेबलाखाली गुडघे टेकून मुलगी राउटरच्या मागची केबल चाचपत होती. बाबा खुर्चीतून वाकून तिला टॉर्च दाखवत होते, पण उजेड भिंतीवरच पडत होता.

"बाबा, इकडे. माझ्या हातावर."

"राहू दे ना. पेनड्राइव्हवर चाललंय की सगळं."

"आईने मला मुद्दाम बोलावून घेतलंय. तिला सांगा तुम्हीच, राहू दे म्हणून."

त्यांनी उजेड तिच्या हातावर आणला.

मुलगी दातांची डॉक्टर होती, पण घरात कॉम्प्युटरचं काहीही अडलं की फोन तिलाच यायचा. आई अंध मुलांसाठी शाळेचे धडे वाचून रेकॉर्ड करायची आणि बाबा ते साफ करायचे. खोकला, पान उलटल्याचा आवाज, लांबलेला श्वास, सगळं कापून टाकायचे. पूर्वी दोघं याच खोलीत बसत. मग आईचं छातीचं दुखणं वाढलं, जिना चढणं बंद झालं आणि तिचा कॉम्प्युटर तिच्या पलंगाबरोबर खाली गेला. वर वायफाय नीट येईना म्हणून दुसरा राउटर आणला. तेव्हापासून दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखच देत नव्हते. आईने काही वाचलं की बाबा पेनड्राइव्ह घेऊन खाली जायचे.

"सापडलं," मुलगी म्हणाली. "दोन्ही राउटर आपापले वेगळे पत्ते वाटत बसलेत. एका घरात दोन चुली."

"मग आता?"

"वरची चूल बंद. पत्ते खालच्यानेच द्यायचे, वरच्याने नुसतं पुढे पोचवायचं."

तिने राउटरचं सेटिंग बदललं, केबल बाजूला असलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकातून काढून इतर भोकांच्या रांगेत घातली. राउटर बंद करून चालू केला. दिवे लुकलुकत राहिले. मग बाबांच्या पडद्यावर आईच्या कॉम्प्युटरचं नाव उमटलं. मुलीने त्यावर क्लिक केलं. परवानगी नाही, असं उत्तर आलं.

बाबांना हसू फुटलं. "एवढी वर्षं संसार केला आणि परवानगी नाही?"

"ती खालून मिळते, बाबा," म्हणत मुलगी जिना उतरली.

आई तीन उशांना टेकून बसली होती. मांडीवर फळी, फळीवर माइक. मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर धड्यांचं फोल्डर शोधलं आणि ते बाबांना खुलं केलं.

"झालं बघ. आता तू इथे वाचलंस की त्यांना वर लगेच मिळेल."

"म्हणजे त्यांना खाली... यावं नाही लागणार?"

"नाही. सुटले त्यांचे गुडघे."

"गुडघ्यांचं नाही गं." आई श्वास घ्यायला थांबली. "परवा वाचताना धाप लागली. काही केल्या थांबेना. मान वर करून बघते तर हे दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे. तोंड एवढंसं झालेलं." ती पुन्हा थांबली. "वर बसून ते माझे श्वास कापतात ना. कापून झालं की मी कशी छान वाचते! तेवढीच राहू दे मी त्यांच्यापाशी. हे बघायला नको त्यांनी."

मुलीने माइक उगाचच जरा इकडचा तिकडे केला आणि ती वर गेली.

बाबांच्या पडद्यावर फोल्डर उघडलेलं होतं. कानांवर हेडफोन होते. सकाळचं रेकॉर्डिंग चालू होतं. आवाजाच्या पट्टीवर एका वाक्याचा ठिपका, मग लांबच लांब खरखर, मग पुन्हा एक ठिपका. त्यांनी त्यातलं काहीच कापलेलं नव्हतं.

"आलं ना सगळं?"

त्यांनी हेडफोन काढले. "आलं." मग दाराकडे बघत म्हणाले, "तिला सांग, नाही आलं."

"म्हणजे?"

"हे चालू झालं तर मी खाली कुठल्या निमित्ताने जाऊ?"

"निमित्त कशाला हवं? तसेच जा की."

"तसा गेलो की विचारते, काय काम आहे? काही नाही म्हटलं की म्हणते, मग वर जा, मला पडू दे." त्यांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "काम असलं की बसू देते. फाइल कॉपी होईपर्यंत का होईना."

मुलगी पुन्हा खाली आली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"काय गं?"

"नाही जमत, आई. मध्येच दिसतंय, मध्येच जातंय. बाबांनाच यावं लागेल अजून."

"आत्ता तर झालं म्हणालीस."

"वाटलं होतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. मुलीने चादरीचं टोक सारखं केलं, मग दुसरं टोकही केलं. जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, थांबणं, मग दुसरं.

"आले वाटतं," आई म्हणाली. नाकातली ऑक्सिजनची नळी तिने सरळ केली. "ती खिडकी उघड, औषधांचा वास कोंडलाय. आणि कंगवा दे. लवकर."